'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे नेमकं काय?

'शंभर वर्षांचा पूर' येऊन गेला, आता ९९ वर्षं निवांत? मुळीच नाही! अर्थ इतकाच, की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का. उल्हास नदीकाठी ३० वर्षं राहणाऱ्याला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता जवळजवळ २६ टक्के.

🌧️ २६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस, कुलाब्याला जेमतेम ७३! अशा टोकांपुढे सरासरी काय कामाची? म्हणून दर वर्षीचा फक्त सर्वांत मोठा पाऊस घेऊन त्याचं वेगळं गणित मांडतात. गणितज्ञ एमिल गुंबेल यांचं यावरचं गाजलेलं पुस्तक १९५८चं.

🔗 खरी मेख आहे परस्परावलंबनात. समजा, बदलापूर आणि कल्याण दोन्हीकडे महापावसाची वार्षिक शक्यता १-१ टक्का. सरळ गुणाकार केला, तर दोन्हीकडे एकदम कोसळण्याची शक्यता १० हजारांत १. पण ढग तेच ना! बदलापूरला झोडपणारा पाऊस निम्म्या वेळा कल्याणलाही गाठत असेल, तर ती शक्यता होते २००त १. थेट ५० पट!

🌊 भरतीचं वेळापत्रक चंद्र-सूर्य ठरवतात, पाऊस नाही. तरी पावसासोबत येणारा कमी दाब आणि जोराचे वारे समुद्र आणखी फुगवतात. खाडी तुडुंब असली की उल्हासचं पाणी लवकर ओसरत नाही.

म्हणून नदीकाठी घर घेताना फक्त पूररेषा विचारू नका. पाऊस, नदी आणि भरती एकत्र धरून ती आखली आहे का, हेही विचारा.

#ठाणे #कल्याण #डोंबिवली #संख्याशास्त्र