आधारोल्लेखांची मोजदाद आणि डॉ. शंभुनाथ डे

विद्वानाची योग्यता कशानें मोजावी, हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वीं ती गुरूच्या शिष्यपरंपरेवरून ठरवीत. आधुनिक वैद्यकशास्त्रांत तें काम बरेंचसें आकड्यांकडे आलें आहे. संशोधक आपल्या प्रयोगांचें फल निबंधरूपानें एखाद्या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध करतो. पुढें दुसरा कोणी त्या पायावर आपलें काम उभारूं लागला, म्हणजे तो पहिल्याच्या निबंधाचा निर्देश करतो. या निर्देशास आधारोल्लेख म्हणतां येईल. शास्त्राच्या व्यवहारांत ऋण मान्य करण्याची ही रीत होय.

हे विखुरलेले उल्लेख गोळा करून त्यांची सूचि बनविण्याचें श्रेय अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांचें आहे. त्यांच्या संस्थेनें १९६४ सालीं अशी सूचि प्रसिद्ध केली. पुढें २००५ सालीं जॉर्ज हर्श या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें एक सुटसुटीत अंक सुचविला. एखाद्या संशोधकाचे वीस निबंध प्रत्येकीं निदान वीस वेळां उल्लेखिले गेले असतील, परंतु एकवीस निबंधांस एकवीस उल्लेखांची मजल गांठतां आली नसेल, तर त्याचा अंक वीस. नेमणुका, बढत्या व अनुदानें देतांना असे आकडे पुष्कळ ठिकाणीं पाहिले जातात. म्हणूनच ते काय सांगतात व काय सांगत नाहींत, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

या बाबतींत कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांचें चरित्र मोठें बोधप्रद आहे. त्यांचा जन्म १९१५ सालीं हुगळी जिल्ह्यांत झाला. पटकीचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यासच निश्चित केला होता. परंतु तो जंतु माणसाचा जीव कसा घेतो, हें कोडें पुढें पाऊणशें वर्षें सुटलें नाहीं. जंतु कांहीं विष उत्पन्न करीत असावा, अशी शंका कॉख यांसहि होती. डे यांनीं विचार केला कीं, या रोगाचें ठाणें आंतड्यांत आहे. तर विषाचा शोधहि तेथेंच घेतला पाहिजे. सशाच्या आंतड्याचा एक भाग दोऱ्यानें दोन्हीं बाजूंस बांधून त्यांत त्यांनीं पटकीचे जंतु सोडले, तेव्हां तो भाग पाण्यानें तट्ट फुगला. ही पद्धति १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. नंतर जंतु वाढविलेला द्रव गाळून, एकहि जंतु न राहूं देतां, त्यांनीं तो तेथें घातला. तरीहि तोच परिणाम झाला. अर्थात् अपराधी जंतूनें स्रवलेलें विषच होतें. हा छोटासा निबंध १९५९ सालीं ‘नेचर’ या इंग्रजी नियतकालिकांत आला. त्याच वर्षीं मुंबईच्या हाफकिन संस्थेंतील एन. के. दत्त व त्यांचे सहकारी यांनींहि सशाच्या पिलांवर प्रयोग करून पटकीच्या विषाविषयींचा आपला निबंध प्रसिद्ध केला, हें महाराष्ट्रीयांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आरंभीं डे यांच्या निबंधाची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाहीं. १९६९ सालीं तें विष शुद्ध स्वरूपांत हातीं आलें, संशोधनास जोर चढला, आणि मग त्या जुन्या निबंधाचें मोल जगास कळूं लागलें. डे १९७३ सालीं सेवानिवृत्त झाले. १९७८ सालीं नोबेल परिसंवादाचें आमंत्रण त्यांस आलें. १९८५ सालीं ते निवर्तले. पण भारतांतील एकाहि विज्ञान अकादमीचें सदस्यत्व त्यांस लाभलें नाहीं. त्यांच्या पश्चात् १९८६ सालीं खुद्द गारफील्ड यांनींच आपल्या सूचीच्या आधारें त्यांच्या कार्यावर लेख लिहून, तो निबंध पटकीच्या संशोधनांतील मैलाचा दगड असल्याचें दाखवून दिलें. ज्या मोजमापांत डे प्रथम दिसले नाहींत, त्याच मोजमापानें त्यांस न्याय दिला, परंतु उशिरानें.

याच्या उलट उदाहरण ऑलिव्हर लॉरी यांचें. प्रथिनांचें प्रमाण मोजण्याची एक सोयीची रीत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५१ सालीं वर्णिली. २०१४ सालापर्यंत त्या निबंधाचे तीन लक्षांहून अधिक उल्लेख झाले होते. तो आपला श्रेष्ठ निबंध नव्हे, हें लॉरी स्वतःच मान्य करीत. ती रीत प्रयोगशाळेंत नित्य लागे, एवढेंच. विळी प्रत्येक घरांत वापरली जाते. म्हणून तिला कोणी रत्न म्हणत नाहीं, आणि रत्न पेटींत पडून राहिलें म्हणून त्याची गारगोटी होत नाहीं.

तात्पर्य, उल्लेखांचा आकडा एखाद्या कार्याचा उपयोग किती झाला, हें सांगतो. त्याची थोरवी सांगण्याचें सामर्थ्य त्यांत नाहीं. शिवाय ज्या विषयांत संशोधक पुष्कळ, तेथें उल्लेखहि पुष्कळ. थोडक्यांच्या विषयांत ते थोडे. आकडा पाहावा, पण निबंधहि वाचावा. वाचण्याचे श्रम वांचविण्यासाठीं जो नुसता आकडा पाहतो, त्याच्या दारावरून एखादा शंभुनाथ डे निमूटपणें निघून जातो, आणि तें त्यास कळतहि नाहीं.