आधी चाक, मग ट्रक

ट्रकचं छोटं मॉडेल करायचं म्हटलं, की बहुतेक जण केबिनपासून सुरुवात करतात. साहजिक आहे, ट्रकचा चेहरा तोच. पण माझा आग्रह असा, की सुरुवात चाकापासून करावी. पत्रा, प्लायवूड, प्लास्टिकची शीट आपल्याला हवी तशी कापता येते. रबरी टायर घरी करणं मात्र जिकिरीचं. तो मिळेल त्या मापाचा घ्यावा लागतो. म्हणजे मॉडेलचं प्रमाण खरं तर चाकच ठरवतं.

कसं, ते पाहू. आपल्याकडच्या अनेक ट्रकांच्या टायरवर २९५/९० आर २० असं लिहिलेलं असतं. २९५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. टायरच्या बाजूची उंची या रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे २६५.५. शेवटचे २० हे आतल्या रिमचे इंच, म्हणजे ५०८ मिलिमीटर. रिमच्या वर एकदा रबर, खाली एकदा रबर. ५०८ मध्ये ५३१ मिळवले, की टायरची पूर्ण उंची आली १,०३९. आता तुम्हाला मिळालेलं चाक ५२ मिलिमीटरचं असेल, तर १,०३९ भागिले ५२, उत्तर जवळजवळ २०. आपलं प्रमाण ठरलं, एकास वीस.

जुन्या नायलॉन टायरवर नुसतं १०.००-२० असं असतं. त्यावरून उंची थेट निघत नाही. तिथं टेप लावावी, आणि तीही स्टेपनीला. जमिनीवरचं चाक भारानं दबलेलं असतं.

एकदा प्रमाण ठरलं, की ते सगळ्या गाडीला लागू. परदेशी किटमध्ये एकास चोवीस हे प्रमाण बरंच चालतं. त्यातला ड्रायव्हर आपल्या एकास वीसच्या केबिनमध्ये बसवला, तर पाच फूट सात इंचांचा गडी चार फूट आठ इंचांचा दिसतो. पाचवी-सहावीतलं पोर ट्रक हाकतंय असं वाटतं!

मापं आणायची कुठून, हा आपल्याकडे खरा प्रश्न. १९५४ मध्ये त्या वेळच्या टेल्कोनं डाइम्लर-बेंझच्या सहकार्यानं ट्रक बांधायला घेतले. पुढं कित्येक वर्षं अनेक ट्रक कारखान्यातून निघायचे ते नुसत्या चासीवर. केबिन आणि हौदा बांधायचे गावोगावचे सुतार-लोहार. त्यामुळे एकाच साली घेतलेले दोन ट्रकही सारखे नसत. कंपनीच्या नकाशात दोन ॲक्सलमधलं अंतर सापडेल, पण फाळक्याची उंची किंवा केबिनच्या लाकडी चौकटीचं माप कुठल्याच कागदावर नाही. ते फक्त त्या गाडीवर आहे, आणि गाडी भंगारात तुटली की तेही गेलं. म्हणून असा ट्रक कुठं उभा दिसला, तर मालकाला विचारून त्याच दिवशी मापं घ्यावीत.

टेप नसेल तर फोटो काढावा. अगदी बाजूनं, होईल तितकं लांब उभं राहून. जवळून काढला की समोरचं चाक फुगतं आणि टोकं आखडतात. समजा, फोटोत चाक २६ मिलिमीटर आणि दोन ॲक्सलमधलं अंतर १०५ भरलं. म्हणजे अंतर चाकाच्या चौपटीहून किंचित जास्त. खऱ्या ट्रकमध्ये ते साधारण ४.२ मीटर, मॉडेलमध्ये २१० मिलिमीटर. पत्र्याच्या जाडीचा हट्ट मात्र धरू नये. खरा पत्रा दोन मिलिमीटरचा असेल तर आपला ०.१ यायला हवा, तो हातात टिकणार नाही. बाहेरची मापं बरोबर ठेवावीत, जाडी आत ढकलावी.

ट्रेलर करायचा तर आणखी एक हिशेब. न्हावाशेवा बंदराकडे जाणारा वीस फुटी कंटेनर ६,०५८ मिलिमीटर लांब आणि २,४३८ रुंद असतो, म्हणजे मॉडेलमध्ये ३०३ आणि १२२. ट्रेलर ज्या खुंटीभोवती वळतो, ती किंगपिन समजा पुढच्या कडेपासून ५० मिलिमीटर मागं आहे. वळताना ट्रेलरची पुढची कड नाही, तिचा कोपरा केबिनकडे येतो. निम्मी रुंदी ६१. ६१ चा वर्ग अधिक ५० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ जवळजवळ ७९. म्हणजे किंगपिनपासून केबिनची पाठ ७९ च्या पलीकडेच हवी. मी आणखी पाचएक मिलिमीटर सोडतो, कारण मॉडेलचे सांधे खऱ्या गाडीपेक्षा ढिले असतात. सरळ उभ्या गाडीत ५५ सुद्धा पुरेसे दिसतात. पहिल्या वळणावर कोपरा केबिनमध्ये घुसतो.

आणि वजन. लांबी विसाव्या हिश्शाची झाली तरी वजन विसाव्या हिश्शाचं होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही वीसपट घटतात, म्हणून वजन आठ हजारपट घटतं. सोळा टनांचा भरलेला ट्रक इथं अवघा दोन किलोचा. मॉडेलचे पाटे त्या दोन किलोंना जरासे वाकतील इतकेच पातळ निवडावेत. जाड पट्टीचे लावले, तर भरलेला ट्रकही रिकाम्यासारखा ताठ उभा राहतो.