अकरावी शोधताय? हैदराबादेत ‘इंटर’ विचारा

पुण्याहून, नांदेडहून बदली होऊन आलेली मराठी कुटुंबं हैदराबादच्या नारायणगुड्यात घर बघू लागली, की मुलांच्या शिक्षणाची विचारपूस सुरू होते. कॉलेजांच्या पाट्यांवर एमपीसी, बायपीसी, सीईसी अशी अक्षरं असतात. अकरावी-बारावीचं नाव नसतं. मग ऐकीव माहितीवर प्रवेश होतात आणि त्याचे परिणाम मुलांना भोगावे लागतात. म्हणून हा खुलासा.

गैरसमज : इंटर म्हणजे बारावीपेक्षा वेगळंच काहीतरी.
वस्तुस्थिती : इंटरमीडिएटची दोन वर्षं म्हणजेच अकरावी-बारावी. एमपीसी म्हणजे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र; बायपीसीत गणिताच्या जागी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र; सीईसी म्हणजे नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य. दहावीचं मंडळ वेगळं, इंटरचं वेगळं.

गैरसमज : पहिलं वर्ष निवांत घेतलं तरी चालतं.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात अकरावीची परीक्षा कॉलेज घेतं. इथे पहिल्या वर्षाचीही बोर्डाची परीक्षा असते, हॉल तिकिटासकट. एखादा विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षात जाता येतं, पण तो सोडवावाच लागतो. शिवाय अंतिम निकालात दोन्ही वर्षांचे गुण धरले जातात.

गैरसमज : इंटर हैदराबादला केलं की मूल ‘स्थानिक’ ठरतं.
वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होतं. राज्यघटनेच्या कलम 371-डी खालच्या व्यवस्थेनुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या 85 टक्के जागा स्थानिकांसाठी असतात. त्यासाठी सर्वसाधारण अट आहे ती पात्रता परीक्षेपर्यंत सलग चार वर्षं इथे शिकल्याची, म्हणजे नववी, दहावी आणि इंटरची दोन्ही वर्षं. दहावी महाराष्ट्रात करून आलेलं हुशार मूलही इथेच अडकतं. काही प्रवर्गांना सवलती आहेत. त्या प्रवेशाआधी तपासून घ्याव्यात.

गैरसमज : सीबीएसईच्या शाळेत घातलं की तेलुगू टळतं.
वस्तुस्थिती : 2018 च्या तेलंगणा कायद्याने दहावीपर्यंत तेलुगू सक्तीचं केलं. सीबीएसई, आयसीएसईच्या शाळाही त्यात आल्या; अंमलबजावणी मात्र टप्प्याटप्प्याने झाली. मूल लहान असतानाच आलात तर ही भाषा ते गल्लीत खेळता खेळता उचलतं. आठवी-नववीत आलात तर शाळेत पहिल्याच भेटीत तेलुगूची सोय काय, ते विचारा.

गैरसमज : निजामाच्या राज्यात उर्दूखेरीज शिक्षण नव्हतंच.
वस्तुस्थिती : सरकारी उच्च शिक्षण मुख्यतः उर्दूत होतं, 1918 चं उस्मानिया विद्यापीठ त्याचंच उदाहरण. पण लोकांनी आपापल्या भाषांसाठी शाळा काढल्या. वामन नाईक, केशवराव कोरटकर यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने 1907 मध्ये विवेकवर्धिनी उभी राहिली आणि तिने शहरातल्या मराठी मुलांना मायबोलीत शिकवलं. नारायणगुड्यात माडपाटी हनुमंतराव यांनी 1928 मध्ये मुलींसाठी तेलुगू शाळा काढली. कोरटकरांच्या स्मरणार्थ 1940 मध्ये सुरू झालेली केशव मेमोरियल संस्थाही इथलीच.

गैरसमज : सुट्ट्या सगळीकडे सारख्याच.
वस्तुस्थिती : मोठी सुट्टी बतुकम्मा-दसऱ्याची, मग संक्रांतीची, दिवाळीची जेमतेम. शाळा साधारण 12 जूनला उघडतात. गावी जायची तिकिटं त्या हिशेबाने काढावीत.

बदलीचा हुकूम हाती आला की घरभाड्याआधी मुलाची इयत्ता बघा. ते आठवीत असेल आणि पुढे इथेच राहायचं ठरत असेल, तर नववीपासूनच आणा. नववी-दहावी तिकडे झालीच असेल, तर इंटर कुठे करायचं हे महाराष्ट्रातले आणि इथले प्रवेशाचे नियम शेजारी ठेवून ठरवा. वेळेवर चौकशी केली, तर मुलाचा हक्काचा दरवाजा बंद होत नाही.