हे लेखकाला कसे कळले?

उज्जैनच्या आमच्या जुन्या घरात देवघराशेजारच्या कोनाड्यात मोडी कागदांचा एक रुमाल होता. दसऱ्याला त्याची पूजा होई, पण तो वाचलेला कोणीच नव्हता. आजी सांगत असे की, आमचे मूळपुरुष शिंद्यांच्या फौजेत होते आणि जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकर उज्जैनवर चालून आले तेव्हा ते लढता लढता पडले. त्याबद्दल मिळालेली सनद या रुमालात आहे. मी साहित्याची प्राध्यापक झाले, ऐतिहासिक कादंबरीवर प्रबंध लिहिला आणि ही हकीकत वर्षानुवर्षे वर्गात सांगत राहिले. एका व्याख्यानातही ती सांगितली आणि टाळ्या घेतल्या.

काही वर्षांपूर्वी इंदूरच्या एका मोडी जाणकार गृहस्थांना तो रुमाल दाखवला. दोन तासांनी त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “ताई, सनद नाही. तोफखान्याच्या बैलांच्या वैरणीचा हिशेब आहे.” हिशेब ठेवणारे आमचे मूळपुरुषच होते. शेवटच्या कागदावर त्यांच्याच अक्षरात नाव होते आणि तो कागद लढाईनंतर सहा वर्षांनी लिहिलेला होता. घरी आल्यावर काकांना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षे आपण कडब्याची पूजा केली?”

तेव्हापासून इतिहासावरचे कोणतेही गोष्टीरूप पुस्तक हाती घेतले की मी एक साधा प्रश्न विचारते: हे लेखकाला कसे कळले? गेल्या तीस वर्षांत वाचलेल्या काही पुस्तकांविषयीची माझी मते मी येथे याच प्रश्नाच्या आधाराने मांडणार आहे.

इतिहासावरचे गोष्टीरूप लेखन ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार ऐतिहासिक कादंबरीचा. तिच्यात घटनांचा सांगाडा इतिहासाचा असतो आणि संवाद, मनातले विचार, एकांतातले प्रसंग लेखकाचे असतात. मराठीत ही परंपरा रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून मोजली जाते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’ने तिला मोठा वाचक दिला. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष घडलेलेच सांगायचे असते, पण गोष्टीसारखे. प्रवासवर्णन, आत्मवृत्त, रसाळ इतिहासग्रंथ हे सगळे त्यात येते. कादंबरीकाराला कल्पनेची मुभा असते आणि ती वाचकाला ठाऊक असते. दुसऱ्या प्रकारच्या लेखकाला ती मुभा नाही. त्याने ती घेतली तर वाचकाला सांगायला हवे. करार दोन्हीकडे आहे, फक्त अटी वेगळ्या आहेत.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. रमाबाई आणि माधवराव यांचे शनिवारवाड्यातले हळुवार बोलणे कोणी लिहून ठेवलेले नव्हते, ठेवणे शक्यही नव्हते. ते देसाईंना कसे कळले? कळले नाही, त्यांनी ते रचले. आणि तसे रचणे हे कादंबरीचे कामच आहे. माझा आक्षेप तिथे नाही. १७७२ मध्ये थेऊरला माधवरावांचा मृत्यू झाला आणि रमाबाई सती गेल्या. त्या प्रसंगाला कादंबरीच्या जिव्हाळ्याने जी झळाळी येते, ती मला आज अस्वस्थ करते. विद्यार्थिनी ते पान वाचून रडतात. तेव्हा मी त्यांना विचारते की, हे अश्रू कोणासाठी आहेत? प्रेमासाठी, की सती गेलेल्या एका तरुण मुलीसाठी? चांगली कादंबरी हा प्रश्न पेलू शकते, म्हणून तो विचारायला कचरू नये.

ना. सं. इनामदारांच्या ‘झुंज’चा (१९६६) नायक यशवंतराव होळकर आहे. मी ती कॉलेजात असताना वाचली आणि आमच्या घरात थोडी खळबळ झाली. राणोजी शिंद्यांपासून १८१० च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरला जाईपर्यंत उज्जैन हे शिंद्यांचे गाव. आमच्या घरात होळकर म्हणजे ‘ते’. यशवंतरावांचे भाऊ विठोजी यांना एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले, हे मला त्या काळी ठाऊकही नव्हते. जुलैत उज्जैनला हेसिंगच्या हाताखालच्या शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव झाला. ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून त्याचा सूड घेतला. उज्जैन आणि इंदूर यांच्यात बसने दीड तासाचे अंतर आहे. पण त्या वर्षाची आठवण दोन्ही गावांत दोन तऱ्हांनी सांगितली जाई. ज्याला घरात शत्रू म्हणत त्याच्या डोळ्यांनी मला माझेच गाव ‘झुंज’ने पाहायला लावले. हे काम इतिहासाचा ग्रंथ इतक्या सहज करत नाही. कादंबरीच्या बाजूने माझे सर्वांत मोठे मत हेच आहे. मात्र वाचकाला नायकाच्या घोड्यावर बसवले की खाली धुळीत कोण आहे ते दिसत नाही, हेही तितकेच खरे. वैरणीचा हिशेब ठेवणारा कारकून अशा कादंबरीत सहसा येत नाही.

तो दुसऱ्या प्रकारच्या लेखनात येतो. उज्जैनच्या जुन्या बाजारात गोपाळ मंदिर आहे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी आणि सर्जेराव घाटग्यांच्या कन्या बायजाबाई यांनी ते बांधले. या बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल, असे ऐकून पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडायला उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. पाणी, धान्य, लपण्याची जागा, लुटारूंनी काढून घेतलेले पैसे, सगळे त्यांच्या लिहिण्यात आहे. गंगेची कावड घेऊन हा गरीब भिक्षुक घरी पोहोचतो, तेव्हा पराक्रमाची नव्हे, टिकून राहण्याची एक गोष्ट पूर्ण होते.

येथेही प्रश्न तोच. झाशीचे हाल गोडसे भटजींना कसे कळले? डोळ्यांनी पाहून. बंडाची कारणे कशी कळली? वाटेत शिपायांकडून, लोकांकडून ऐकून. एकाच पुस्तकात हे दोन प्रकार शेजारी आहेत आणि दोघांचे वजन सारखे नाही. शिवाय चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये हे पुस्तक छापले तेव्हा त्यात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक एका साक्षीदाराचे ऐकत होता, पण मध्ये संपादक बोलत होता.

योगायोग असा की, १९६६ मध्येच अमेरिकेत ट्रुमन कपोटी यांचे ‘इन कोल्ड ब्लड’ पुस्तकरूपाने आले. कॅन्ससमधल्या एका कुटुंबातील चार जणांच्या खुनाची ही सत्यकथा. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, असे कपोटी सांगत. पण स्मशानभूमीतला शेवटचा प्रसंग घडलेलाच नव्हता, हे पुढे उघड झाले. त्याने पुस्तकाची शैली कमी झाली नाही, विश्वास मात्र कमी झाला. ‘झुंज’मधला एखादा काल्पनिक संवाद आपल्याला खटकत नाही आणि कपोटींचा एक काल्पनिक प्रसंग खटकतो, कारण करार वेगळा होता.

पानिपताविषयी तर मराठीत दोन्ही प्रकारांचे उत्तम लेखन आहे. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) सदाशिवरावभाऊंची प्रतिमा सावरणारी, कागदपत्रांचा मोठा आधार घेणारी कादंबरी आहे. त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ हा इतिहासग्रंथ आहे, पण तो वाचताना आपण एका तापट, अभ्यासू वकिलाचे ऐकत आहोत असे वाटते, आणि तो आपला आधार काय, हे सांगत जातो. या दोन्हींबरोबर मी विद्यार्थ्यांना नाना फडणिसांचे छोटेसे आत्मवृत्त वाचायला देते. रणातून जीव घेऊन पळालेला, आई गमावलेला तरुण त्यात स्वतःची भीती लपवत नाही. दत्ताजी शिंद्यांचे बुराडी घाटावरचे ते प्रसिद्ध उत्तर मात्र आपल्यापर्यंत भाऊसाहेबांच्या बखरीतून आले आहे. उज्जैनच्या मराठी घरांत ते प्रत्येक मुलाला पाठ असते. मी ते विसरायला सांगत नाही. ते बखरीतले आहे, एवढेच लक्षात ठेवायला सांगते.

कोणी म्हणेल, इतकी चिकित्सा करून वाचनाचा आनंद उरेल का? माझा अनुभव असा की, तो वाढतो. आमच्या महाविद्यालयातली बहुतेक मुले हिंदी माध्यमाची. वृंदावनलाल वर्मांची ‘झाँसी की रानी’ त्यांना माहीत असते. त्यांना मी गोडसे भटजींच्या पुस्तकाचा अमृतलाल नागरांनी केलेला हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’ देते आणि झाशी पडण्याचा प्रसंग दोन्हींतून समोरासमोर ठेवून वाचायला सांगते. समासात पेन्सिलीने तीनच खुणा करायच्या: पाहिलेले, ऐकलेले, रचलेले. तासाभरात वर्गात भांडण सुरू होते आणि मला ते भांडण फार आवडते. शिक्षक-मित्रांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा.

लेखकांसाठीही एक विनंती आहे. फाळक्यांची ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ आणि ठाकुरांची ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ ग्वाल्हेर-इंदूरकडच्याच माणसांनी छापून ठेवली आहेत. ती कपाटात आहेत. आपल्या घरांतल्या रुमालांचे तर कोणी मोजमापच केलेले नाही आणि मोडी वाचणारी पिढी संपत आली आहे. कागद वाचता आला नाही की कादंबरी सांगेल तोच आपला इतिहास होतो, आणि आजी सांगेल तीच सनद. एखाद्या उन्हाळ्याच्या सुटीत मोडीची बाराखडी शिकता येते. मी पन्नाशीनंतर शिकले. अजून अडखळते, पण आमच्या मूळपुरुषांचे अक्षर आता मला वाचता येते.

त्यांच्या एका कागदावर बैलांची नावे आहेत. लढाईत हरलेल्या शहरात, पगार थकलेला असताना, त्यांनी बैलांची नावे लिहून ठेवली. माझ्या व्याख्यानातल्या त्या वीरापेक्षा हा माणूस मला आता जवळचा वाटतो. दसऱ्याला पूजा अजून होते. काकांनीच या वर्षी रुमालावर फुले वाहिली.