रात्री दोनची लाईट, जळालेला डीपी आणि आमच्या सर्व्हरची गोष्ट

ज्यांना बसमध्ये हेडफोन न लावता हा भाग वाचायचाय, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. मी अडखळलो होतो तेवढं काढून टाकलंय, बाकी सगळं तेच.

गेल्या हिवाळ्यात जुन्नर तालुक्यात मामाकडे गेलो होतो. रात्री पावणेदोनला मामांचा मोबाइल वाजला. मोटरच्या स्टार्टरमध्ये सिम बसवलंय, लाईट आली की तोच कॉल करतो. मामा उठले. स्वेटर, मफलर, बॅटरी, काठी. मी अर्धवट झोपेत म्हटलं, "मामा, मोटर फोनवरून चालू होते ना? मग जाता कशाला?"

"मोटर होईल रे चालू. कांद्याला दारं कोण धरणार, तुझा फोन?"

मग मीही गेलो. उसाच्या कडेनं चालताना मामा मुद्दाम मोठ्यानं खोकत होते. बिबट्याला माणूस येतोय हे आधी कळलेलं बरं.

आता प्रश्न असा, की शेताला लाईट रात्रीच का? कुणाचा खुनशीपणा नाही तो. ग्रिडमध्ये वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. मागणी जास्त झाली की जनित्रं मंदावतात आणि ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी घसरायला लागते. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायची असते, म्हणजे केवढी बारीक कसरत बघा. दिवसा कारखाने आणि ऑफिसं, संध्याकाळी घरोघरचे दिवे नि टीव्ही. मध्यरात्री मागणी पडते, पण कोळशाचं केंद्र असं बटण दाबून बंद करता येत नाही, ते ठरावीक पातळीच्या खाली नेता येत नाही. मग हा खड्डा भरायला शेतीपंप. म्हणून शेतीच्या फीडरला थ्री-फेज दिवसातून साधारण आठ तास, आणि त्यातही पाळ्या: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ग्रिडकडे मागणी हलवायला एकच साधन होतं, उपकेंद्रातला स्विच. त्याची किंमत मामा थंडीत मोजतात.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती मला माझ्या नोकरीमुळे कळली. त्या रात्री आम्ही विहिरीवर पोचलो आणि पाच मिनिटांत लाईट गेली. डीपीचे फ्यूज उडाले होते. मामा म्हणाले, "रोजचंच आहे. सगळ्यांचे ऑटो."

ऑटो म्हणजे ऑटो स्विच. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. आता हिशेब करा. ५ एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. पण सुरू होताना काही सेकंद ती सहापट खेचते, म्हणजे ४५. आमच्या डीपीवर १५ मोटरी. चालताना ११२ अँपिअर. १०० केव्हीएचा डीपी १३० च्या आसपास झेपवतो, म्हणजे ठीक. पण सगळ्या एकदम सुरू झाल्या तर ६७५! व्होल्टेज कोसळतं, त्यामुळे मोटरी वेग घेत नाहीत, वेग नाही म्हणून करंट उतरत नाही. फ्यूज उडतो, नाहीतर वाइंडिंग जळतं. मागच्या वर्षी तर डीपीच जळाला. बदलून मिळेपर्यंत शेजारच्यांचा अर्धा कांदा वाळला.

सॉफ्टवेअरवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? सर्व्हर पडतो, परत उभा राहतो, आणि लाखभर ॲप एकाच क्षणी 'रिट्राय' मारून त्याला पुन्हा पाडतात. आम्ही याला 'थंडरिंग हर्ड' म्हणतो, उधळलेला कळप. उपाय साधा: प्रत्येकानं थोडा वेगवेगळा वेळ थांबायचं.

स्मार्ट ग्रिड म्हटलं की लोकांना फक्त स्मार्ट मीटर आणि त्यावरची भांडणं आठवतात. माझ्या मते मुद्दा एवढाच: कुठे किती वीज जातेय हे दिसणं, आणि मागणी थोडी इकडे-तिकडे सरकवता येणं. आपल्याकडे कितीतरी शेतीपंपांना मीटरच नाही, बिल हॉर्सपॉवरवर. मॉनिटरिंग नसलेला सर्व्हर कोण चालवतं?

सध्या जो मोठा बदल चाललाय तो मात्र मीटरमुळे नाही, सूर्यामुळे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, राळेगणसिद्धीला तिचा सुरुवातीचा प्रकल्प झाला. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. कल्पना मला फार आवडते. उपकेंद्राच्या ५-१० किलोमीटरच्या आत छोटं सौर केंद्र उभारायचं आणि त्यावर शेतीचे फीडर दिवसा चालवायचे. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. ऊन असताना पंप, म्हणजे मागणीच उन्हाच्या वेळेवर नेली, बॅटरी न लावता. शिवाय शेताला पाणी नको असेल त्या दिवशी ती वीज ग्रिडमधून दुसरीकडे जाते. एकट्या बांधावरच्या सौरपंपाला ते जमत नाही, तो नुसता उन्हात बसून राहतो.

सगळं गोड आहे असं नाही. सूर्य मावळतो आणि नेमकी तेव्हाच घरांची मागणी चढते. तिथे बॅटरी लागेल, नाहीतर कोयनेसारखं १,९६० मेगावॅटचं जलविद्युत, जे मिनिटांत सुरू होतं. आणि दुसरी गोष्ट मला जास्त सतावते. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. दिवसा, सोयीची आणि फुकट, मग मोटर बंद कोण करणार? रात्रीची थंडी आणि बिबट्या हे, नाही म्हटलं तरी, भूजलाचे राखणदार होते! मामांना हे बोललो तर म्हणाले, "मग तू ये रात्री दारं धरायला." गप्प बसलो.

मामांच्या फीडरवर अजून सौर आलेलं नाही. तोवर आम्ही एक उद्योग केला. वीज कंपन्या ऑटो लावूच नका म्हणतात, पण रात्री दोनला कोण ऐकणार? बऱ्याच ऑटोमध्ये उशिरा सुरू करायचा टायमर असतो, तो कुणी वापरत नाही. डीपीवरच्या पंधरा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि प्रत्येकाला नंबर दिला, दोघांमध्ये वीस सेकंद. शेवटच्याला पाच मिनिटंही थांबावं लागत नाही. बारा जण लगेच तयार. दोघांच्या ऑटोला टायमरच नव्हता, ते आता हातानं चालू करतात. एक काका मात्र अडून बसले: "माझं वावर लाइनच्या टोकाला. मी मागं राहिलो की माझी मोटर नुसती गुरगुरते."

विचार केला, तर काकांचंच बरोबर. टोकाला व्होल्टेज सगळ्यात कमी मिळतं आणि बाकीच्या मोटरी चालू असल्या की आणखी पडतं. त्यामुळे सुरू व्हायला त्यांनाच रिकामी लाइन हवी. यादी उलटी केली. काका पहिले, डीपीला चिकटून असलेले मामा पंधरावे.