मतदानाच्या दिवशी शाळेला सुट्टी

सोलापूर सोडून गाडी दक्षिणेकडे निघाली की थोड्याच वेळात होटगी जंक्शन येते. मुंबई-चेन्नई मार्गाला इथे विजयपूर-गदगकडे जाणारा फाटा फुटतो. रेल्वे केंद्र सरकारची. जवळच आहेरवाडी-फताटेवाडीच्या माळावर एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, तोही केंद्राचा उपक्रम. सातबारा आणि उत्पन्नाचा दाखला राज्याच्या महसूल खात्याचा, प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, गटार आणि खांबावरचा दिवा ग्रामपंचायतीचा. या पट्ट्यात घरात कन्नड, कचेरीत मराठी, बाजारात त्यात उर्दूची भर. सरकार किती थरांचे असते हे शिकवायला याहून सोयीचे गाव मागून मिळणार नाही. तरीही होटगीतल्या, किंवा महाराष्ट्रातल्या अशा कुठल्याही गावातल्या, दहावी पास मुलाला विचारून पाहा की खांबावरचा दिवा महिनाभर बंद असेल तर अर्ज कुणाकडे द्यायचा. उत्तर बहुधा वडिलांच्या ओळखीच्या एखाद्या माणसापासून सुरू होते.

याचा दोष अभ्यासक्रमाला देणे सोपे आहे, पण ते बरेचसे चुकीचे आहे. बालभारतीची सध्याची पुस्तके वाचली तर सहावीत ग्रामपंचायतीपासून जिल्हा प्रशासनापर्यंतचे स्थानिक शासन येते. सातवीचे सबंध वर्ष संविधानाला दिलेले आहे: उद्देशिका, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे. आठवीत संसद, न्यायव्यवस्था, राज्यशासन आणि चक्क नोकरशाही. नववीत परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे. दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि लोकशाहीपुढची आव्हाने. इतिहासाच्या शेपटाला बांधलेले नागरिकशास्त्र पाठ करून ज्यांनी शाळा संपवली, त्या आमच्या पिढीला हेवा वाटावा अशी ही मांडणी आहे.

मात्र शेपूट अजून सुटलेले नाही. दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या ४० गुणांच्या पेपरात राज्यशास्त्राच्या वाट्याला १२ गुण येतात. पुस्तकात हा भाग मागे छापलेला असतो आणि शिकवण्यातही तो मागेच येतो, म्हणजे सराव परीक्षांच्या धांदलीत. बारा गुणांसाठी संकल्पना स्पष्ट करा, चूक की बरोबर सांगा, असे प्रश्न येतात आणि गाइडमध्ये त्यांची उत्तरे तयार असतात. कधीही ग्रामसभा न पाहिलेला मुलगा सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांची नावे धडाधड सांगतो, ते याच वाटेने.

सोलापूर जिल्ह्यात तर या पुस्तकांची गंमतच झाली. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात गेले आणि राज्यभरातल्या निवडणुका रखडल्या. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. पंचायत समित्यांवर प्रशासक, सोलापूर महापालिकेवर प्रशासक. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, तेव्हा तीन वर्षे उलटून गेली होती. जून २०२२ मध्ये सहावीत बसलेले मूल तोवर आठवी पास झाले होते. अध्यक्ष, विषय समित्या, सभापती हे सगळे त्याने शिकून परीक्षाही दिली, आणि त्या सबंध काळात त्याच्या जिल्ह्यात यातले काहीच नव्हते. दर पाच वर्षांनी निवडणूक होते, असे उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळाले असणार. ‘मग आपल्याकडे का झाली नाही?’ असे विचारणाऱ्यासाठी प्रश्नपत्रिकेत जागा नव्हती.

सरपंचाचेही तसेच. सहावीचे पुस्तक २०१६ साली आले. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा झाला, २०२० मध्ये तो फिरवून निवड पुन्हा सदस्यांकडे दिली, २०२२ मध्ये पुन्हा थेट निवड आली. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला. गावाला काही फरक पडला नाही, गाव त्यांना ‘भाऊसाहेब’च म्हणते. पण एवढ्या उलथापालथीत पुस्तकाने धावायचे तरी किती? उलट कायदा तीनदा का बदलला, कुणाला काय सोयीचे होते, थेट निवडून आलेला सरपंच आणि विरोधात बसलेले सदस्य एकमेकांना कसे अडवतात, हे सांगितले तर एका तासात मुलाला जेवढे कळेल तेवढे प्रकरणभर पाठांतराने कळणार नाही.

विषयाचा हा भिडस्तपणा जुना आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याशी जोडलेल्या सामाजिक शास्त्रांच्या टिपणात स्पष्ट नोंद आहे की नागरिकशास्त्र भारतीय शाळांत आले ते ब्रिटिश काळात, राजनिष्ठा ढळू लागलेल्या प्रजेला आज्ञाधारक करण्यासाठी. सोलापुरात ती मात्रा लागू पडली नाही हा भाग वेगळा. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. पुढच्याच महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिले गेले. चार हुतात्म्यांची कथा जिल्ह्यातली मुले इतिहास म्हणून ऐकतात. पण पाणीपट्टी आणि दिवाबत्ती पाहणारी एक स्थानिक संस्था साम्राज्याच्या डोळ्यांत डोळे घालून आपल्या छपरावर कुठला झेंडा हे ठरवते, ही नागरिकशास्त्राची गोष्ट आहे. ती त्या तासाला कुणी सांगत नाही.

हुतात्म्यांच्या काळापर्यंतही जायला नको. होटगी रोडवर सोलापूरचा विमानतळ आहे आणि त्याच बाजूला कुमठ्याला श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी विमानांना अडथळा ठरते, आणि ती परवानगीवाचून बांधलेली आहे, म्हणून पाडा, असा वाद वर्षानुवर्षे चालला. महापालिकेच्या नोटिसा, न्यायालयातली स्थगिती, विमानतळ हवा म्हणणाऱ्यांची आंदोलने, कारखाना जगला पाहिजे म्हणणाऱ्या सभासद शेतकऱ्यांची आंदोलने. अखेर १५ जून २०२३ रोजी पोलीस बंदोबस्तात महापालिकेने चिमणी पाडली. ती कोसळतानाचे चित्रण त्या दिवशी हाती मोबाइल असलेल्या बहुतेक सगळ्यांनी पाहिले, त्यात मुलेही आली. विमानतळाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झाले आणि गोव्याचे विमान जून २०२५ मध्ये सुरू झाले.

आता या एका चिमणीत आठवीची किती प्रकरणे आहेत ते पाहा. बांधकाम परवानगी कोण देते? विमानाच्या वाटेत काय उंच असावे हे ठरवणारे खाते दिल्लीत का? न्यायालय स्थगिती देते म्हणजे नेमके काय करते, आणि ती उठते कशी? सहकारी कारखान्याचा मालक कोण, आणि सभासदाच्या हातात वार्षिक सर्वसाधारण सभेत नक्की काय असते? शहराला उद्योग हवेत आणि ऊसवाल्याला गाळप हवे, या दोन्ही रास्त मागण्या एकमेकींवर आदळल्या तर निवाडा कुणी करायचा? ज्यांच्या घरचा ऊस त्या कारखान्याला जातो अशी मुले आणि ज्यांच्या घरातले कुणी पुण्याला नोकरी करते अशी मुले एकाच वर्गात बसलेली असताना हा तास रंगला असता. मला वाटते, बहुतेक वर्गांत चिमणीचा विषय मधल्या सुट्टीत झाला आणि घंटा झाल्यावर ‘न्यायमंडळाचे स्वातंत्र्य’ पुढे सुरू झाले.

याच जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने २०२४ च्या विधानसभा निकालानंतर ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते मतदान झाले नाही. गावकऱ्यांची शंका रास्त होती की नाही, यावर वर्गाचे एकमत व्हायची गरज नाही. मतदान घेण्याचा अधिकार निवडणूक आयोगालाच का, संविधानाचा अनुच्छेद ३२४ काय म्हणतो, आणि शंका आलेल्या मतदाराने मग दाद कुठे मागायची, एवढे बोलले तरी पुरे. दहावीतल्या निवडणूक प्रक्रियेच्या प्रकरणाला इतका ताजा दाखला आयता मिळत नाही.

तो घेतला जात नाही, कारण फळ्याजवळ उभा असलेला माणूस अडचणीत आहे. जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक हा गावातला सरकारविषयी सर्वांत जाणकार माणूस असतो. मतदार यादी घेऊन घरोघर जाणारा बीएलओ अनेकदा तोच. मतदान केंद्रावर केंद्राध्यक्ष म्हणून पेटीपासून यंत्रापर्यंत सगळे हाताळणारा तोच. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ त्याला अध्यापनाबाहेरच्या कामांतून सोडवते, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामे त्याच कलमाने त्याच्या गळ्यात ठेवली आहेत. मतदान केंद्रही बहुधा शाळेच्याच खोलीत असते. म्हणजे लोकशाही दर काही वर्षांनी वर्गात येऊन बसते आणि नेमकी त्या दिवशी मुलांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा केंद्र क्रमांक पुसला जातो आणि गुरुजी पुस्तक उघडतात. सेवावर्तणुकीचे नियम त्यांना राजकारणात भाग घेऊ देत नाहीत, ते योग्यच. पण राजकारण शिकवणे आणि राजकारण करणे यांतली रेघ कुणी आखून दिलेली नसल्यामुळे शहाणा शिक्षक दोन्हींपासून लांब राहतो. गावातल्या पुढाऱ्याचा मुलगा वर्गात असेल तर आणखीनच.

ही रेघ आखता येते. जर्मनीत बॉयटेल्सबाख या गावी १९७६ साली निरनिराळ्या राजकीय मतांच्या शिक्षणतज्ज्ञांत जे ठरले ते आजही तिथे मानतात. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यावर लादायचे नाही. समाजात ज्याविषयी वाद आहे ते वर्गातही वादाचे म्हणूनच मांडायचे. आणि आपल्या हिताचा विचार करून परिस्थितीत भाग घ्यायला विद्यार्थ्याला समर्थ करायचे. नाझी राजवटीचा अनुभव घेतलेल्या देशाला हे सुचले यात नवल नाही. आपल्या शिक्षण खात्याने असे एक पानी परिपत्रक काढले तर होटगीच्या शिक्षकाला चिमणीवर बोलताना निदान एक कागद दाखवता येईल.

आपल्याकडे काही झालेच नाही असे मात्र नाही. नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना ई. झेड. खोब्रागडे यांनी २००५ मध्ये तिथल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन सुरू केले. २६ जानेवारी २०२० पासून ते राज्यभरच्या परिपाठात आले. शांतिलाल मुथ्था यांच्या संस्थेने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू केले. गटात बसणे, बोलणे, ऐकून घेणे यांतून संविधानातली मूल्ये रुजवायची ही त्याची रीत, आणि पुढे शासनानेही ती उचलली. या सगळ्याचे मोल आहे. पण परिपाठातले वाचन रोजचे झाले की प्रार्थनेसारखे तोंडावर येते. ‘दर्जाची व संधीची समानता’ एका सुरात म्हणून झाल्यावर मुलींनी वर्ग झाडायचा आणि मुलांनी मैदानावर जायचे, हे जिथे चालते तिथे उद्देशिकेने काय करावे?

शालेय मंत्रिमंडळाविषयी मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. अनेक शाळांत जूनअखेर निवडणूक होते, हल्ली मोबाइलवर मतदान यंत्रासारखे ॲपही वापरतात, बोटाला शाई लागते, शपथविधी होतो. मुले मनापासून रमतात. नंतर आरोग्यमंत्री नखे तपासतो, पाणीमंत्री टाकी भरली का पाहतो, मुख्यमंत्री वाढदिवसाचे आभार मानतो. या मंत्रिमंडळाला अंदाजपत्रक नसते आणि समोर विरोधी पक्ष नसतो. मंत्र्याला प्रश्न विचारायचा तास नसतो. सत्तेचा थाट मुलांना दाखवला जातो, तिचा हिशेब मागणे तेवढे राहून जाते. शाळा व्यवस्थापन समिती कायद्याने आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, शाळेच्या अनुदानाचा खर्च तिच्यापुढे येतो. तो कागद एकदा या छोट्या मंत्रिमंडळापुढे ठेवून खडू-डस्टर, झाडलोट, वीजबिल यांवर त्यांना भांडू द्यायला हरकत कसली?

दहावी-बारावीच्या मुलांना तर सरकार रोजच भेटते. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. त्यासाठी ती महा-ई-सेवा केंद्रापुढे रांगेत उभी असतात. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अशा सेवांना मुदत घालून दिली आहे आणि ती चुकली तर अपिलाची सोय केली आहे. राज्यशास्त्रात ८० टक्के मिळवणारा मुलगा ‘साहेब जागेवर नाहीत’ हे ऐकून परत येतो आणि अपील हा शब्द त्याला फक्त क्रिकेटमध्ये सुचतो. माहितीच्या अधिकाराला वयाची अट नाही. लखनौच्या एका शाळकरी मुलीने २०१२ मध्ये अर्ज करून विचारले होते की गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी सरकारने कधी दिली. तसा कुठला आदेशच सापडत नाही हे सरकारला कळवावे लागले. आपल्या मुलांनी एवढे लांब जायलाही नको. गावाच्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टलवर पाहता येतो. दहावीच्या सामाजिक शास्त्रांत २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत, त्यांतले काही या खर्चाच्या पानावर बसून मिळवता येतील.

ग्रामसभांच्या प्रथेच्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. चारांपैकी तीन दिवशी मुले गणवेशात शाळेत आलेलीच असतात. ध्वजवंदन होते, प्रभातफेरी होते, खाऊ मिळतो, १ मेला निकालही हाती पडतो, आणि मुले घरी जातात. मोठ्यांची सभा त्यानंतर. आठवी-नववीच्या मुलांना अर्धा तास मागच्या सतरंजीवर बसवा म्हटले की एकच हरकत ऐकू येते: ग्रामसभेत भांडणे होतात, मुलांसमोर बरे दिसत नाही. घरकुलाच्या यादीवरून झालेले भांडण आणि गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झालेली सभा, दोन्ही त्यांनी पाहावीत. सहामाहीच्या पेपरात त्यावर दहा ओळी लिहायला सांगाव्यात, आणि त्या तपासताना एखाद्या उत्तरात सरपंचाचे नाव दिसले म्हणून गुरुजींनी लाल पेन उचलू नये.