हवेचा हिशेब ठेवणारा तरुण

२९ मार्च १९५८. हिजरी सन १३७७चा रमजान सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. आपल्याकडे मार्च सरत आलेला, म्हणजे रोजे उन्हाळ्याच्या तोंडावरचे. त्याच दिवशी प्रशांत महासागरातल्या हवाई बेटावर, मौना लोआ नावाच्या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या एका छोट्या वेधशाळेत एक यंत्र सुरू झालं. हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे, हे ते मोजणार होतं. पहिला आकडा आला ३१३. म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३१३ भाग. शास्त्रज्ञांच्या भाषेत ३१३ पीपीएम.

ज्याच्या आग्रहामुळे हे काम इतकं काटेकोर झालं, तो चार्ल्स डेव्हिड किलिंग त्या दिवशी तिथं नव्हता. यंत्र दुसऱ्यांनी बसवलं. किलिंग कॅलिफोर्नियात आपल्या प्रयोगशाळेत होता. त्याला तीस वर्षं पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते आणि नोकरीला लागून दोन वर्षंही झाली नव्हती.

हवामानबदल म्हटलं की आज डोळ्यांपुढे येतात त्या मोठमोठ्या परिषदा, नेत्यांची भाषणं, वितळणारे हिमनग. या विषयात नुकत्याच उतरलेल्या संशोधकाचा दिवस मात्र असा नसतो. कुप्या धुणं, नळ्यांची गळती शोधणं, आकडे लिहिणं, चुकलेले आकडे खोडणं, पुन्हा मोजणं आणि पुढच्या वर्षीचे पैसे मिळतील का याची काळजी करणं, यातच तो जातो. किलिंगची उमेदीची वर्षं याच कामात गेली.

तो मूळचा रसायनशास्त्राचा. पीएचडी पॉलिमरवर, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थांवर. १९५३-५४चा तो काळ. अमेरिकेत रसायन कारखान्यांची भरभराट होती आणि अशा पदवीधराला नोकरी हात जोडून उभी. पण या तरुणाला डोंगर, जंगल, नद्या यांची ओढ. त्याने देशाच्या पश्चिम भागातल्या विद्यापीठांच्या भूगर्भशास्त्र विभागांना पत्रं लिहिली. कॅल्टेक या संस्थेत हॅरिसन ब्राऊन यांनी भू-रसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू केला होता. त्यांनी त्याला बोलावलं. घरच्यांना अशा वेळी काय वाटतं, हे सांगायला नको. चांगला पगार सोडून मुलगा दगडमाती मोजायला निघाला, असंच म्हणत असतील कुठलेही आईबाप.

तिथं त्याला प्रश्न मिळाला तोही फार मोठा नव्हता. नदीचं आणि जमिनीखालचं पाणी, चुनखडीचा दगड आणि वरची हवा यांच्यात कार्बनचा समतोल असतो का, एवढंच तपासायचं होतं. त्यासाठी पाण्यातला आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड अचूक मोजावा लागणार होता. हवे तितकं अचूक उपकरण बाजारात नव्हतं. किलिंगने जुनी नियतकालिकं चाळली आणि १९१६ सालच्या एका लेखात त्याला काचेच्या दाबमापकाची रचना सापडली. तसं उपकरण त्याने स्वतः उभं केलं. काचेच्या पाच लिटरच्या फुग्यासारख्या कुपीत हवा भरून आणायची, द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीने त्यातला कार्बन डायऑक्साइड गोठवून वेगळा काढायचा, बाष्प बाजूला करायचं आणि मग पाऱ्याच्या स्तंभावर त्याचा दाब मोजायचा. एकेका कुपीला वेळ लागे. पण उत्तर हजारात एका भागाच्या आसपास इतकं नेमकं येई. हातातल्या प्रश्नाला एवढी अचूकता लागतच नव्हती. त्याला मात्र कमी अचूकतेत समाधान नव्हतं. अशा स्वभावाची माणसं सोबत काम करणाऱ्यांना कधीकधी त्रासदायक वाटतात, हेही खरं.

पासाडेनात इमारतीच्या गच्चीवर त्याने हवा मोजून पाहिली. आकडे वाटेल तसे उड्या मारत होते. मोटारींचा धूर, घरोघरी कचरा जाळण्याच्या भट्ट्या. म्हणून त्याने सामान उचललं आणि समुद्रकाठच्या बिग सर या जंगलात जाऊन तंबू ठोकला. १९५५चा वसंत होता तो. दर काही तासांनी एक कुपी भरायची, दिवसा आणि रात्रीसुद्धा. रात्री झोपण्याच्या पिशवीतून अनेकदा उठायचं, अंधारात कुपी उघडायची, बंद करायची, वेळ लिहायची आणि परत पिशवीत शिरायचं.

रात्री उठून मोजायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दिवसा दोन-चार कुप्या भरून आणल्या असत्या तरी काम भागलं असतं. रमजानमध्ये सहरीसाठी काळोखात उठणाऱ्यांना हे उठणं बरोबर कळेल. त्या वेळी भूक लागलेली नसते, झोप तर हटत नसते. वेळ ठरलेली असते म्हणून माणूस उठतो.

या रात्रीच्या कुप्यांनीच त्याला वाट दाखवली. रात्री आकडा चढत होता, दुपारी उतरत होता. रात्री झाडं आणि माती श्वास सोडतात, हवा थंड होऊन जमिनीलगत साचून राहते, म्हणून कार्बन डायऑक्साइड वाढतो. दिवसा पानं तो शोषतात आणि उन्हाने तापलेली हवा वर उठून वरच्या हवेत मिसळते. दुपारचा आकडा ३१०च्या आसपास येई. मग तो इतर ठिकाणी गेला. वॉशिंग्टन राज्यातल्या दाट अरण्यात, ॲरिझोनाच्या उंच डोंगरांत. रात्रीचे आकडे जागोजागी वेगळे, दुपार मात्र सगळीकडे जवळपास तीच.

याचं महत्त्व समजायला तेव्हाचं चित्र लक्षात घ्यायला हवं. जुन्या नोंदींत हे आकडे दीडशेपासून साडेतीनशेपर्यंत कुठंही सापडत. स्कँडिनेव्हियातल्या मोजणी केंद्रांचे आकडेही असेच विखुरलेले होते. त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड ठिकाणाप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे बदलतच राहणार, असा समज रुजला होता. हे खरं असेल तर त्यात वर्षागणिक सूक्ष्म वाढ होते का हे शोधणंच अशक्य. नुकत्याच पीएचडी झालेल्या एका तरुणाने, तंबूत झोपून, हा समज चुकीचा असल्याचं दाखवलं. विखुरलेपण बरंचसं मोजण्याच्या पद्धतीतलं होतं. मोकळ्या, नीट मिसळलेल्या हवेला स्वतःचा एक स्थिर आकडा होता.

ही बातमी वॉशिंग्टनला हवामान खात्याच्या हॅरी वेक्सलर यांच्यापर्यंत गेली. जुलै १९५७पासून आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष सुरू होणार होतं आणि जगभर मोजणीची केंद्रं उभी राहणार होती. वेक्सलर यांच्याकडे नोकरी होती, पण काम करायला दाखवलेली जागा म्हणजे एका वेधशाळेचं अंधारं तळघर. दुसरीकडे सॅन दिएगोजवळच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत रॉजर रेव्हेल यांनी त्याला बोलावलं. तिथं दुपारचं जेवण उघड्यावर, उन्हात, समुद्राच्या वाऱ्यात. किलिंगने स्क्रिप्स निवडलं. माणसाच्या आयुष्यातले निर्णय किती साध्या गोष्टींवर ठरतात!

मौना लोआवर लावलेलं यंत्र वेगळ्या तत्त्वावर चाले. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतो. किती शोषले यावरून त्याचं प्रमाण कळतं. कागदाच्या पट्टीवर पेन सतत रेघ ओढत राही. यंत्र खरं बोलतंय ना, हे बघण्यासाठी आधी मोजून ठेवलेल्या वायूच्या टाक्यांशी ते पुन्हा पुन्हा ताडावं लागे. शिवाय जागा ज्वालामुखीची. कधी भेगांतून निघणारा वायू हवेत मिसळे, कधी दुपारचा वारा खालच्या हिरव्या उतारावरची हवा वर आणी. असे तास ओळखून बाजूला काढायचे. यातच संशोधकाची कसोटी असते. आपल्याला आवडलेला आकडा ठेवायचा आणि नावडता टाकायचा, हा मोह फार सोपा. म्हणून कुठला आकडा का टाकायचा याचा नियम आधी ठरवावा लागतो आणि मग तो स्वतःच्या मनाविरुद्धही पाळावा लागतो.

पहिलं वर्ष निराशेचंच म्हणायचं. मार्चनंतर आकडा वाढला, मेमध्ये आणखी वर. मग वीज गेली आणि यंत्र काही आठवडे बंद. पुन्हा सुरू झालं तेव्हा आकडा खाली. आणखी खाली. पुन्हा वीज गेली. हे सगळं भरकटतंय की काय, अशी धास्ती किलिंगला वाटू लागली. नोव्हेंबरमध्ये त्याला स्वतः मौना लोआवर जायला मिळालं. आणि आकडा परत चढू लागला. पुढच्या वर्षी तेच घडलं: मेमध्ये शिखर, पावसाळा सरताना आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबर असतो तेव्हा तळ. उत्तर गोलार्धातली झाडंझुडपं उन्हाळ्यात हवेतला कार्बन ओढून घेत होती आणि हिवाळ्यात परत करत होती. अर्ध्या पृथ्वीचा श्वास कागदाच्या पट्टीवर उमटला होता.

१९६०मध्ये किलिंगने 'टेलस' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. दक्षिण ध्रुवावरच्या नोंदींत दरवर्षी थोडी वाढ दिसत होती आणि कोळसा-तेल जाळून निघणारा जवळपास सगळा वायू हवेतच राहिला तर जेवढी वाढ व्हावी, तेवढी ती होती. हा अंदाज पुढे दुरुस्त करावा लागला. वर्षं जमा झाली तसं कळलं की साधारण निम्माच वायू हवेत राहतो, उरलेला समुद्र आणि वनस्पती घेतात. दोन वर्षांच्या आकड्यांनी दिशा बरोबर दाखवली, माप चुकीचं. माप सुधारायला मोजत राहणं हाच उपाय होता.

नेमकं तेच अवघड झालं. भूभौतिक वर्ष संपलं, सरकारी खर्चाला कात्री लागली. एकदा मोजून झालं, आता दहा-वीस वर्षांनी परत बघू, असं म्हणणारे जाणकारही होते. दक्षिण ध्रुवावरचं सततचं मोजमाप थांबलं. १९६४च्या सुरुवातीला मौना लोआवरचं यंत्रही बंद पडलं, या वेळी विजेअभावी नव्हे, पैशांअभावी. तातडीची मदत मिळून ते पुन्हा सुरू झालं. त्या आलेखात आजही १९६४च्या जागी छोटीशी फट दिसते. नंतरच्या काळातही 'हे तर रोजचंच काम, यात संशोधन काय?' हा प्रश्न किलिंगच्या मागे लागलेला राहिला. नवीन शोध लावणाऱ्याला पैसे मिळतात. जुनं मोजमाप न चुकता चालू ठेवणाऱ्याला दरवर्षी हात पसरावा लागतो.

हे दुखणं परदेशातलंच आहे असं नाही. आपल्याकडे १९९३पासून गोव्यात काब द राम इथं समुद्राकाठची हवा कुप्यांत भरून तपासली जाऊ लागली. दोन मोसमी वाऱ्यांची हवा तिथं आळीपाळीने येते. पावसाळ्यात समुद्रावरची, हिवाळ्यात जमिनीवरची. त्या नोंदी सलग राहिल्या नाहीत, मधल्या काही वर्षांची जागा रिकामी आहे. २००९पासून पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर हे काम सुरू केलं. रविवारी पिठलं-भाकरीसाठी गडावर जाणाऱ्या गर्दीला याचा पत्ता नसतो. अशा कामाला लागणारे हात बहुधा विशी-तिशीतल्या मुलामुलींचे असतात, मुदतीच्या नेमणुकीवरचे किंवा फेलोशिपवरचे. २०२३मध्ये कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप महिना ३१,००० रुपयांवरून ३७,००० झाली, तीही संशोधकांनी वारंवार मागणी केल्यावर. ती पाच वर्षं पुरते. हवेतला कल दिसायला त्याहून जास्त वर्षं लागतात.

किलिंग २००५मध्ये गेले. तोवर आकडा ३८०च्या घरात होता. त्यांचा मुलगा राल्फ हेच काम पुढे चालवतो. २०२२च्या नोव्हेंबरात मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्ह्याने रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआ पर्वतावर तात्पुरती सोय करून मोजमाप चालू ठेवलं गेलं.

हिजरी वर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत साधारण ३३ वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो. १९५८मध्ये तो मार्चमध्ये होता, तेव्हा आकडा ३१३. एक फेरा पुरा करून १९९१मध्ये तो पुन्हा मार्चमध्ये आला, तोवर आकडा साडेतीनशेच्या पुढे गेलेला. दुसरा फेरा पुरा झाला २०२४मध्ये. मार्चचा आकडा ४२५च्या आसपास होता. मे २०२५मध्ये महिन्याची सरासरी ४३०च्याही वर गेली.

कुपी भरण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. माणसाने सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट असतो; त्याचा एक फुंकर लागला तरी नमुना वाया. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, श्वास रोखायचा, कुपी उघडायची, हवा आत येऊ द्यायची, तोटी बंद करायची. मग श्वास सोडायचा आणि चिठ्ठीवर तारीख आणि वेळ लिहायची.